तब्येतीमुळे घरी बसवलेल्या कामगाराला पैसे कुठून मिळतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कारखाना, गोदाम, हॉटेल, दुकान, सिक्युरिटी, हाउसकीपिंग अशा ठिकाणी काम करणाऱ्यांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरं कर्मचारी राज्य विमा योजनेची, म्हणजे आपण सगळे जिला ईएसआय म्हणतो तिची आहेत. ईएसआयबाहेरच्या लोकांसाठी प्रश्न 20 आणि 21 आहेत.

वाचायला घेण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. तुम्ही घरी का आहात, याचं कागदावर जे कारण लिहिलं जातं त्यावरून पैसे ठरतात. आजारी, कामावर जखमी, कामावर घेतलं नाही, नोकरी गेली आणि स्वतः सोडली या पाच गोष्टी वेगळ्या आहेत आणि प्रत्येकीचा हिशेबही वेगळा आहे. तोंडी "घरी जा" ऐकून गेटबाहेर पडलेल्या माणसाचं कारण नंतर दुसराच कुणीतरी लिहितो.

1. सुपरवायझर म्हणाले, "तब्येत बरी होईपर्यंत येऊ नको." मला बेकारी भत्ता मिळेल का?

लगेच नाही. तुम्ही अजून नोकरीत आहात, म्हणून तुम्ही बेकार ठरत नाही. आधी ईएसआयच्या डॉक्टरांकडे जा. काम बंद ठेवणं वैद्यकीयदृष्ट्या गरजेचं आहे असं त्यांनी लिहून दिलं, तर आजारपणाचा हितलाभ, म्हणजे विम्यातून रोख पैसे, मिळतो (प्रश्न 3). दुखापत कामावर झाली असेल तर प्रश्न 9 पाहा. डॉक्टर "फिट आहेस" म्हणत असतील आणि तरी कंपनी घेत नसेल तर प्रश्न 11 पाहा. बेकारीच्या योजना नोकरी खरोखर गेल्यावर लागू होतात, त्या प्रश्न 14 आणि 15 मध्ये आहेत.

2. मी ईएसआयमध्ये आहे की नाही, हे कसं कळणार?

पगारस्लिपवर ईएसआयची कपात बघा. कामगाराकडून पगाराच्या 0.75 टक्के कापतात आणि मालक 3.25 टक्के भरतो. हे दर 1 जुलै 2019 पासूनचे आहेत. सरासरी रोजंदारी 176 रुपयांपर्यंत असेल तर कामगाराकडून काहीच कापत नाहीत, पण विमा लागू असतो. पगाराची मर्यादा महिना 21,000 रुपये आहे आणि दिव्यांग कामगारांसाठी 25,000. मधेच पगारवाढ होऊन 21,000 ओलांडले, तरी चालू वर्गणी-सहामाही (प्रश्न 4) संपेपर्यंत तुम्ही विम्यात राहता.

कपात दिसते एवढ्यावर थांबू नका. तुमचा दहा आकडी विमा क्रमांक घेऊन ईएसआयच्या पोर्टलवर किंवा उमंग अॅपवर वर्गणीचा तपशील उघडा. कोणत्या महिन्यात किती दिवस आणि किती पगार दाखवलाय, ते तिथे दिसतं. पैसे त्या आकड्यांवरून ठरतात.

3. आजारी रजेत नेमके किती पैसे मिळतात?

सरासरी दैनिक पगाराच्या 70 टक्के, सलग दोन लाभ-सहामाहींत (प्रश्न 4) मिळून जास्तीत जास्त 91 दिवस.

समजा एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांत महिना 18,300 प्रमाणे 1,09,800 रुपये पगार झाला आणि पगारी दिवस भरले 183. सरासरी दिवसाला 600 रुपये पडली. 70 टक्क्यांनी 420 रुपये रोज. डॉक्टरांनी 30 दिवस विश्रांती दिली, तर पहिले 2 दिवस वजा होतात आणि 28 दिवसांचे 11,760 रुपये खात्यावर येतात. रविवारही मोजला जातो.

पहिल्या 2 दिवसांचा नियम लोकांना जाचतो, पण त्याला एक सूट आहे. आधीच्या आजारपणाचे पैसे मिळाले असतील आणि त्यानंतर 15 दिवसांच्या आत पुन्हा आजारी पडलात, तर हे 2 दिवस दुसऱ्यांदा कापत नाहीत. म्हणून अंगात ताप असताना घाईने फिट होऊन कामावर गेलात आणि आठवड्याने पुन्हा पडलात, तर निदान हे नुकसान होत नाही.

4. 78 दिवसांची अट काय आहे? मी आत्ता आजारी आहे, मग मागचे दिवस कशाला बघतात?

ईएसआयचं वर्ष दोन सहामाहींत चालतं. आधी वर्गणीची सहामाही येते आणि तीन महिने सोडून तिची लाभ-सहामाही येते.

1 एप्रिल ते 30 सप्टेंबर या वर्गणीवर पुढच्या 1 जानेवारी ते 30 जूनमधलं आजारपण भागतं. 1 ऑक्टोबर ते 31 मार्च या वर्गणीवर 1 जुलै ते 31 डिसेंबरमधलं भागतं. संबंधित वर्गणी-सहामाहीत किमान 78 दिवसांचा पगार आणि वर्गणी हवी. उदाहरणार्थ, फेब्रुवारी 2026 मधल्या आजारपणासाठी एप्रिल ते सप्टेंबर 2025 ची हजेरी बघितली जाते. डिसेंबरमध्ये तुम्ही किती राबलात याचा इथे काही संबंध येत नाही.

लांबच्या आजारात माणूस नेमका इथे फसतो. कुणी एप्रिल ते ऑगस्ट अंथरुणाला खिळून होता, तर त्या सहामाहीत पगारी दिवस जेमतेम 25 ते 30 भरतात. आजारपणाचे दिवस हजेरीत धरत नाहीत. तो पुढच्या जानेवारीत पुन्हा आजारी पडला, की "78 भरत नाहीत" असं उत्तर येतं. म्हणून बरं होऊन परतल्यावर सहामाहीच्या अखेरीस किती दिवस भरतील ते मोजा. शिल्लक असलेली पगारी रजा अशा वेळी फार उपयोगी पडते, कारण पगारी सुट्टीचा दिवस वर्गणीत धरला जातो.

5. नोकरीला लागून चारच महिने झालेत. मला काही मिळेल का?

आजारपणाचे रोख पैसे नाही. पहिल्यांदाच विम्यात आलेल्या माणसाची लाभ-सहामाही नोकरीला लागल्यापासून 9 महिन्यांनी सुरू होते. पण औषधोपचार पहिल्या दिवसापासून मिळतात, तुम्हाला आणि कुटुंबालाही. कामावरच्या दुखापतीचे पैसेही पहिल्या दिवसापासून लागू आहेत. आधीच्या नोकरीत ईएसआय होतं आणि तोच विमा क्रमांक पुढे चालू असेल, तर तुम्ही नवे धरले जात नाही. तो क्रमांक नव्या एचआरला पहिल्याच दिवशी द्या (प्रश्न 18).

6. सर्टिफिकेट कुणाचं चालतं? आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांचं चालेल का?

ईएसआय दवाखान्याचे डॉक्टर किंवा ज्यांच्याकडे तुमचं नाव नोंदलेलं आहे ते पॅनल डॉक्टर, यांचं. ईएसआय रुग्णालयात भरती असाल तर तिथलं.

पहिल्या दिवशीच जा. डॉक्टर तपासतात त्या तारखेचं सर्टिफिकेट देतात, मागच्या तारखेचं देत नाहीत. चार दिवस घरगुती उपाय करून पाचव्या दिवशी गेलात तर आधीचे चार दिवस गेले. त्यानंतर साधारण दर 7 दिवसांनी दाखवून पुढचं सर्टिफिकेट घ्यायचं. लांबचा आजार असेल तर डॉक्टर 4 आठवड्यांपर्यंतचं एकत्र देऊ शकतात. शेवटी फिटचं सर्टिफिकेट. प्रत्येक सर्टिफिकेट मिळाल्यापासून 3 दिवसांत ईएसआयच्या शाखा कार्यालयात पोहोचलं पाहिजे आणि त्याची एक प्रत कंपनीत दिली पाहिजे. पैशांचा दावा फॉर्म 9 वर करायचा. कागद पूर्ण असतील तर आजारपणाचा पहिला हप्ता 7 दिवसांत देण्याचा नियम आहे.

खाजगी डॉक्टरांचं सर्टिफिकेट पर्यायी पुरावा म्हणून देता येतं, पण ते मान्य करायचं की नाही हे ईएसआय महामंडळ ठरवतं. रात्री अपेंडिक्स फुटून जवळच्या खाजगी रुग्णालयात भरती झालात, तर भरतीचा कागद, डिस्चार्ज कार्ड आणि बिलं जपा आणि हिंडतं फिरतं झाल्याबरोबर ईएसआय डॉक्टरांना दाखवा. साध्या कंबरदुखीसाठी महिनाभराचं खाजगी सर्टिफिकेट आणलं, तर ते बहुधा नाकारलं जातं.

7. सिकवर, म्हणजे आजारपणाच्या सर्टिफिकेटवर घरी असताना, गावी गेलं तर चालतं का?

डॉक्टरांना विचारून जा. हितलाभ घेत असताना उपचाराखाली राहणं, बरं होण्यात अडथळा येईल असं काही न करणं आणि परवानगीशिवाय आपला भाग न सोडणं या अटी आहेत. घरी करायला कुणी नाही म्हणून पनवेल किंवा भोसरीहून सरळ कोकणात नाहीतर मराठवाड्यात आईकडे जाणारे खूप आहेत. त्यात गैर काही नाही. पण जाण्याआधी केसपेपरवर तशी नोंद करून घ्या आणि गावाकडचा पत्ता द्या. शाखा कार्यालयाने तपासणीला बोलावलं आणि तुम्ही सापडला नाहीत, तर पैसे थांबतात. सिकच्या काळात दुसरीकडे रोजाने काम केलं तर त्या दिवसांचे पैसे जातात आणि खोट्या दाव्याची कारवाई होते ती वेगळी.

8. 91 दिवस संपले, पण आजार संपला नाही. टीबी निघालाय. आता?

34 दीर्घ आजारांसाठी वाढीव आजारपण हितलाभ आहे. दर 80 टक्के, म्हणजे वरच्या उदाहरणात रोज 480 रुपये. 91 दिवसांनंतर आधी 124 दिवस आणि पुढे वैद्यकीय मंडळाच्या शिफारशीने जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत. अट अशी की विमापात्र नोकरीची सलग दोन वर्षं हवीत आणि आधीच्या चार वर्गणी-सहामाहींत मिळून किमान 156 दिवसांची वर्गणी हवी.

यादीत क्षयरोग, कुष्ठरोग, कर्करोग, एड्स, पक्षाघात, हृदयाच्या झडपांचे विकार, हृदयावरची शस्त्रक्रिया, मूत्रपिंड निकामी होणं, मणक्यातली चकती सरकणं, न जुळणारं हाड, दृष्टिपटल सुटणं, मनोविकृती, 20 टक्क्यांपेक्षा जास्त भाजून झालेला संसर्ग हे येतं. नुसता मधुमेह यादीत नाही. मधुमेहामुळे डोळ्याचा पडदा, पाय किंवा मूत्रपिंड बिघडलं असेल तर आहे. म्हणून केसपेपरवर डॉक्टरांनी फक्त "शुगर" लिहिलं असेल, तर गुंतागुंतीचं पूर्ण नाव लिहून द्यायला सांगा.

टीबीच्या रुग्णाने सरकारी नोंदणीही करून घ्यावी. निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत महिना 1,000 रुपये मिळतात, नोव्हेंबर 2024 पासून हा दर आहे. हे पैसे ईएसआयपेक्षा वेगळे आणि वरचे आहेत. आणि कंपनीने कँटीनमधला कप वेगळा ठेवला किंवा राजीनामा मागितला तर खचू नका. औषधं नियमित घेतल्यावर बहुतेकांचा संसर्ग पसरणं काही आठवड्यांत थांबतं, आणि कामावर कधी जायचं ते डॉक्टर ठरवतात.

9. प्रेसवर बोट चेपलं. कंपनी म्हणते, "सिक टाक, आम्ही बघतो." टाकू का?

नका टाकू. कामावरच्या दुखापतीला तात्पुरत्या अपंगत्वाचा हितलाभ मिळतो, 90 टक्के. वरच्या उदाहरणात रोज 540 रुपये. 78 दिवसांची अट नाही, 91 दिवसांची मर्यादा नाही, बरे होईपर्यंत मिळतो. अपघाताचा दिवस सोडून किमान 3 दिवस काम बंद राहिलं पाहिजे, एवढीच अट. 40 दिवस घरी राहिलात तर अपघात म्हणून 21,600 रुपये येतात. तेच सिक म्हणून 38 दिवसांचे 15,960. फरक 5,640 रुपयांचा.

त्याहून मोठं नुकसान पुढे आहे. बोट कायमचं वाकडं राहिलं, तर वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती घटली ते ठरवतं आणि त्या टक्क्याने आयुष्यभर पैसे मिळतात. अपघाताची नोंदच नसेल तर मंडळापुढे काय ठेवणार?

म्हणून त्याच दिवशी तीन गोष्टी करा. अपघात नोंदवहीत, म्हणजे फॉर्म 11 मध्ये, वेळ, मशीन आणि साक्षीदार यांची नोंद करून घ्या. डॉक्टरांना "काम करताना" हे शब्द केसपेपरवर लिहायला सांगा. मालकाने 24 तासांत अपघात अहवाल, फॉर्म 12, पाठवला का ते बघा. पाठवला नसेल तर तुम्ही स्वतः शाखा व्यवस्थापकांना लेखी कळवा आणि पोच घ्या. पहिल्याच केसपेपरवर "घरी पाय घसरून" असं लिहिलं गेलं, तर नंतर ते पुसणं फार अवघड जातं. कंपनीचा माणूस सोबत असतो, तो सांगतो आणि डॉक्टर लिहितात. बोलता येत असेल तर स्वतः सांगा.

10. कामावर जाताना बाइकला अपघात झाला. हा कामावरचा धरतात का?

ईएसआय कायद्यातल्या 2010 च्या दुरुस्तीपासून घर ते कामाची जागा या प्रवासातला अपघात धरला जातो. मात्र वेळ, रस्ता आणि परिस्थिती यांचा कामाशी मेळ बसला पाहिजे. शिफ्ट सुरू होण्याआधी अर्धा तास नेहमीच्या रस्त्यावर अपघात झाला तर अडचण येत नाही. शिफ्ट संपून तीन तासांनी भलत्याच रस्त्यावर झाला तर दावा अडतो. शिफ्टची वेळ दाखवणारा हजेरीचा कागद, पोलिसांची नोंद आणि रुग्णालयात पोहोचल्याची वेळ, हे तीन पुरावे जुळवून द्या. बाकीची पद्धत प्रश्न 9 प्रमाणेच.

11. ईएसआय डॉक्टरांनी फिट दिलं, पण कंपनी म्हणते, "आमच्या डॉक्टरांना पटत नाही, अजून घरी बस." हे दिवस कुणाच्या माथी?

सगळ्यात जास्त येणारा आणि सगळ्यात अवघड प्रश्न हाच. फिट झाल्यावर आजारपणाचे पैसे थांबतात आणि कामावर घेतलं नाही म्हणून पगारही नाही. दोन्हीकडून कोरडं. याला ले-ऑफ, म्हणजे काम देता येत नाही म्हणून तात्पुरतं घरी बसवणं, म्हणावं तर तेही बसत नाही. ले-ऑफ कच्चा माल, वीज, यंत्र बिघडणं, माल साठून राहणं, नैसर्गिक आपत्ती अशा कारणांसाठी असतो. त्यात 50 किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात, वर्षभराची सलग नोकरी झालेल्याला मूळ पगार आणि महागाई भत्ता यांच्या 50 टक्के भरपाई मिळते. एकाच माणसाला तब्येतीचं कारण देऊन बाहेर ठेवणं म्हणजे काम नाकारणं.

तेव्हा आपण तयार आहोत हे रोज दिसलं पाहिजे. फिटच्या तारखेलाच गेटवर जा. फिट सर्टिफिकेटची प्रत आणि दोन ओळींचं पत्र द्या: "मी आज अमुक तारखेला कामावर हजर आहे. मला कामावर घ्यावं, नसेल तर कारण लेखी द्यावं." दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का मागा. देत नसतील तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पोहोच-पावतीसह पाठवा आणि एचआरच्या ईमेलवर किंवा व्हॉट्सअॅपवर फोटो टाका. आठवड्यात उत्तर आलं नाही तर सहायक कामगार आयुक्तांकडे तक्रार द्या. युनियन असेल तर तिच्यामार्फत. या दिवसांचा पगार मागताना तुम्ही हजर झालात आणि त्यांनी परत पाठवलं, एवढंच सिद्ध करावं लागतं. ते पहिल्याच आठवड्यातल्या कागदांवर होतं.

कंपनीच्या डॉक्टरांचं म्हणणं खरंच गंभीर असेल, म्हणजे आकडी येणाऱ्या माणसाला क्रेन चालवायला देणं किंवा चक्कर येणाऱ्याला उंचीवर चढवणं, तर ते त्यांच्याकडून लेखी घ्या आणि ईएसआय डॉक्टरांना परत दाखवा. त्यांना पटलं तर सिक पुढे चालू होईल, नाहीतर हलकं काम द्यावं असं ते लिहून देऊ शकतात. आपल्या जिवाचा प्रश्न असेल तिथे पगारासाठी अडून बसू नका.

12. एचआर म्हणतात, "राजीनामा दे, बरा झालास की परत घेतो."

सही करू नका. राजीनाम्यावर सही झाली की नोकरी तुम्ही स्वतः सोडलीत असा पुरावा तयार होतो आणि प्रश्न 13, 14, 15 ची दारं एकामागोमाग बंद व्हायला लागतात. कोऱ्या कागदावर, हिशेबाच्या पावतीवर किंवा न वाचता येणाऱ्या इंग्रजी फॉर्मवर सही मागितली तर घरी नेऊन वाचतो म्हणा.

आणखी एक जागा बघा, जी सहसा कुणी बघत नाही. मालक दर महिन्याला पोर्टलवर वर्गणी भरतो, तेव्हा शून्य दिवस असलेल्या कामगारापुढे एक कारण-क्रमांक टाकतो. 1 म्हणजे रजेवर, 2 म्हणजे नोकरी सोडली, 10 म्हणजे कामगारकपात, 11 म्हणजे काम नाही. तुम्ही सिकवर असाल तर तिथे 1 असायला हवा. क्लार्कने सवयीने 2 टाकला तर यंत्रणेच्या लेखी तुमची नोकरी संपली, तुम्हाला पत्ताही नसतो. आजारपण महिन्यापेक्षा लांबलं तर शाखा कार्यालयात जाऊन आपली नोंद काय दिसते ते विचारा. चूक असेल तर कंपनीकडून लेखी दुरुस्ती करून घ्या.

13. आजारपणातच काढून टाकलं. असं करता येतं का?

1948 च्या ईएसआय कायद्याच्या कलम 73 प्रमाणे हितलाभ चालू असताना किंवा सर्टिफिकेटवर आजारी असताना कामावरून काढणं, कमी करणं किंवा शिक्षा देणं याला मनाई आहे आणि त्या काळात दिलेली नोटीस चालत नाही. नियमावलीतल्या नियम 98 ने याला हद्द घातली. साधं आजारपण किंवा तात्पुरतं अपंगत्व सलग 6 महिन्यांपेक्षा लांबलं, किंवा क्षयरोगासारखा दीर्घ आजार 18 महिन्यांपेक्षा लांबला, तर सेवाशर्तींत तशी सोय असल्यास रीतसर नोटीस देऊन मालक नोकरी संपवू शकतो. सहा महिन्यांच्या आतली नोटीस आली की तारखा लावून बघा आणि लगेच कामगार कार्यालयात जा. 21 नोव्हेंबर 2025 नंतरच्या नोटिशीसाठी प्रश्न 22 वाचा.

हे संरक्षण सर्टिफिकेटवर उभं आहे. ईएसआय डॉक्टरांकडे न जाता घरी राहिलेल्या माणसाला कंपनी विनापरवाना गैरहजर ठरवते, आणि मग आजार खरा असूनही हातात काही राहत नाही.

14. नोकरी गेलीच. आता तरी बेकारीचे पैसे मिळतील ना?

अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना यासाठीच आहे. 1 जुलै 2018 ला ती आली तेव्हा दर 25 टक्के होता. करोनाच्या काळात, 24 मार्च 2020 पासून, तो 50 टक्के केला गेला. आयुष्यात एकदाच, जास्तीत जास्त 90 दिवस. रोज 600 सरासरी असलेल्याला 300 प्रमाणे 27,000 रुपये.

अटी: बेकार होण्याआधी किमान दोन वर्षं विमापात्र नोकरी, लगेच आधीच्या वर्गणी-सहामाहीत किमान 78 दिवस आणि त्या दोन वर्षांतल्या उरलेल्या तीनपैकी एका सहामाहीत किमान 78 दिवस. नोकरी गेल्यापासून 30 दिवसांनी दावा करता येतो, थेट पोर्टलवर, मालकाच्या सहीशिवाय. आधार आणि बँक खातं विमा क्रमांकाला जोडलेलं हवं. गैरवर्तनाच्या शिक्षेमुळे, निवृत्तीच्या वयामुळे किंवा स्वेच्छानिवृत्तीने नोकरी गेली असेल तर मिळत नाही.

योजनेला वेळोवेळी मुदतवाढ मिळत आली आहे, म्हणून अर्जाआधी शाखा कार्यालयात चालू मुदत विचारून घ्या. आजारपणातून सरळ बेकारीत आलेल्यांची लगेच आधीच्या सहामाहीतली हजेरी बऱ्याचदा अपुरी पडते. कारण प्रश्न 4 मध्ये दिलंय. तसं असेल तर प्रश्न 15 तुम्हाला लागू होतो का ते तपासा.

15. रविवारी घरच्या कामात अपघात होऊन पाय गेला, म्हणून नोकरी गेली. अपघात कामावरचा नाही. काहीच नाही का?

आहे, आणि ही योजना फार कमी लोकांना माहीत आहे. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, 1 एप्रिल 2005 पासून. कारखाना बंद पडला, कामगारकपात झाली किंवा कामाशी संबंध नसलेल्या इजेमुळे कायमचं किमान 40 टक्के अपंगत्व येऊन नोकरी गेली, तर बेकारी भत्ता मिळतो. पहिले 12 महिने सरासरी दैनिक पगाराच्या 50 टक्के, पुढचे 12 महिने 25 टक्के. किमान दोन वर्षांची वर्गणी लागते. भत्ता चालू असेपर्यंत तुम्हाला आणि कुटुंबाला ईएसआयचे उपचारही मिळतात. अपंगत्वाच्या टक्केवारीचा कागद आणि नोकरी का संपली ते सांगणारं कंपनीचं पत्र, दोन्ही लागतात. पत्रात "स्वतः सोडली" असा शब्द असेल तर दावा अडतो.

16. एकाच वेळी दोन हितलाभ घेता येतात का? पगारी रजा आणि सिक?

नाही. ज्या दिवसाचा पगार किंवा पगारी रजा घेतली त्या दिवसाचा आजारपण हितलाभ नाही, संपावरच्या दिवसाचाही नाही. आजारपण आणि तात्पुरतं अपंगत्व, किंवा आजारपण आणि प्रसूती एकाच काळासाठी मिळत नाहीत, एक निवडावा लागतो. अटल योजनेचे पैसेही दुसऱ्या रोख हितलाभासोबत मिळत नाहीत. कायमच्या अपंगत्वाची दरमहाची रक्कम मात्र चालू राहते.

शाखा कार्यालय कंपनीकडून फॉर्म 10 वर गैरहजेरीची खात्री करून घेतं. टाइमकीपरने सिकचे दिवस चुकून पगारी रजेत टाकले तर तिथेच दावा अडतो. रजेवर जाताना "हे दिवस सिक म्हणून धरा" असं लेखी द्या.

17. गरोदर आहे, उभं राहून काम जमत नाही म्हणून घरी पाठवलं.

बाळंतपणासाठी 26 आठवडे पूर्ण पगाराइतका हितलाभ आहे. आधीच्या दोन वर्गणी-सहामाहींत मिळून 70 दिवस भरलेले हवेत. गरोदरपणातल्या त्रासासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने आणखी एक महिना मिळतो. 26 पैकी प्रसूतीच्या तारखेआधी जास्तीत जास्त 8 आठवडे घेता येतात. कंपनीने चौथ्या महिन्यातच घरी बसवलं तर डॉक्टरांच्या मताने ते आजारपण ठरतं का, ते आधी विचारा. ठरत नसेल तर प्रश्न 11 ची वाट.

18. दावा मंजूर दिसतो, पण खात्यावर पैसे नाहीत. का?

तीन नेहमीच्या अडचणी आहेत. बँक खातं बंद पडलेलं असतं किंवा बँक विलीन होऊन जुना आयएफएससी राहिलेला असतो. आधारवर एक नाव आणि ईएसआयमध्ये दुसरं असतं, लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांना हे हटकून भोवतं. तिसरी अडचण सगळ्यात वाईट, एकाच माणसाचे दोन विमा क्रमांक. नव्या ठेकेदाराने जुना क्रमांक न विचारता नवा काढला, की निम्मी वर्गणी एकात आणि निम्मी दुसऱ्यात जाते आणि 78 कुठेच भरत नाहीत. दोन्ही क्रमांक, आधार आणि पगारस्लिपा घेऊन शाखा कार्यालयात क्रमांक जोडण्याचा अर्ज द्या. आजारी पडण्याआधी हे काम केलेलं बरं.

19. ठेकेदार पगारातून ईएसआय कापतो, पण भरतच नाही.

त्याच्या चुकीने तुमचा हक्क बुडत नाही. मालकाने वर्गणी न भरल्यामुळे हितलाभ गेला किंवा कमी झाला, तर महामंडळ तुम्हाला पैसे देऊन ते मालकाकडून वसूल करू शकतं. ठेकेदाराच्या कामगारांची वर्गणी भरण्याची जबाबदारी शेवटी मूळ कंपनीवर येते. कपात दिसणाऱ्या पगारस्लिपा, बँकेचं पासबुक, गेटपास आणि हजेरीचे फोटो जोडून शाखा कार्यालयात लेखी तक्रार द्या.

20. पगार 21,000 च्या वर आहे, ईएसआय नाही. मग?

आजारी रजेचे पैसे कंपनीच्या नियमांवर आणि नेमणूकपत्रावर अवलंबून राहतात. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला 8 दिवस पगारी किरकोळ रजा आहे, वेगळी आजारी रजा नाही. कामावर दुखापत झाली तर भरपाईच्या कायद्याने तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या 25 टक्के मिळतात. पीएफमधून आजारपणासाठी आगाऊ रक्कम काढता येते. प्रश्न 11 आणि 12 मधली कागद ठेवायची पद्धत तुम्हालाही जशीच्या तशी लागू आहे.

21. मी एसटीत, महापालिकेत किंवा बेस्टमध्ये आहे. डोळ्याच्या दोषामुळे ड्रायव्हिंगला अनफिट केलं.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 20 पोट-कलम 4 वाचा. नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापना कामावरून काढू शकत नाही किंवा हुद्दा कमी करू शकत नाही. त्याच वेतनावर दुसऱ्या कामात सामावून घ्यायचं, जागा नसेल तर जादा पद निर्माण करायचं. अर्जासोबत दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र जोडा आणि पर्यायी काम लेखी मागा.

22. नव्या कामगार संहिता आल्या. हे सगळं बदललं का?

सामाजिक सुरक्षा संहिता 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आणि 1948 चा कायदा तिच्यात सामावला गेला. जुने नियम संहितेशी विसंगत नाहीत तिथवर संक्रमणकाळात चालू राहतात, आणि हितलाभांचे दर व 78 दिवसांसारख्या अटी त्या नियमांतल्याच आहेत. कलमांचे क्रमांक मात्र बदलले आहेत. त्यामुळे 21 नोव्हेंबर 2025 नंतरच्या वादात पत्रावर कलम लिहिण्याआधी कामगार कार्यालयात लागू कलम विचारून घ्या. तारखा आणि घटना नीट लिहिल्या असतील, तर कलम राहिलं म्हणून अर्ज फेकला जात नाही.

23. दावा नाकारला. कुठे जायचं?

आधी नकाराचं कारण लेखी मागा. बहुतेक नकार 78 दिवस, उशिरा दिलेलं सर्टिफिकेट किंवा फॉर्म 10 मधला घोळ यांपैकी एका कारणाचे असतात आणि कागद दुरुस्त केल्यावर सुटतात. शाखा व्यवस्थापकांकडे सुटलं नाही तर प्रादेशिक किंवा उपप्रादेशिक कार्यालयात तक्रार करा. टोल-फ्री क्रमांक 1800112526 वर नोंदवून तक्रार क्रमांक घ्या. त्यापुढे विमा न्यायालय आहे. हितलाभ देय झाल्यापासून 12 महिन्यांच्या आत दावा केलेला असायला हवा. तोंडी चौकशीला दावा म्हणत नाहीत, म्हणून पहिल्या फेरीतच अर्जावर पोच घ्या, तारखेसकट.